स्किझोफ्रेनियात बोलण्याचा उपचार: पहिल्या पंधरा मिनिटांपासून खिशातल्या कागदापर्यंत

पहिली भेट आम्ही पंधरा-वीस मिनिटांपलीकडे नेत नाही. स्किझोफ्रेनियात लक्ष टिकवणंच अवघड झालेलं असतं. समोरचा माणूस बोलत असताना कानात आणखी कुणी बोलत असेल, तर पाऊण तास बसवून ठेवणं हा छळ होतो. खोलीही आधी बघून ठेवावी लागते. दाराजवळची खुर्ची येणाऱ्याची, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर वाटेत कुणी येत नाही. खुर्च्या समोरासमोर न मांडता जरा तिरक्या, कारण टक लावून बघणं संशयानं पोखरलेल्या मनाला सोसत नाही. घरघरणारा पंखा किंवा एसी शक्य असेल तर बंद. पुष्कळांना आवाज नेमके त्या घरघरीतून ऐकू यायला लागतात. मोबाइल बंद करून टेबलावर, दिसेल असा. बाहेर बसायच्या जागेत सीसीटीव्ही असेल तर विचारायची वाट न बघता सांगायचं, की कॅमेरा तिथे आहे, या खोलीत नाही आणि इथलं बोलणं रेकॉर्ड होत नाही.

सकाळी नऊची वेळ कधी देऊ नये. रात्रीच्या गोळीची गुंगी तोवर उतरलेली नसते. माणूस जांभया देत बसतो आणि घरी निरोप जातो की 'त्याला इंटरेस्टच नाही'. पुण्यात हडपसर किंवा वारज्याहून पीएमपीनं, म्हणजे शहर बसनं, येणाऱ्याला ऑफिस सुटायच्या गर्दीत लोटणंही चूक. खच्चून भरलेल्या बसमध्ये 'सगळे माझ्याकडेच बघतायत' हा संशय पाऊण तास तापतो आणि सत्राचा पहिला अर्धा भाग तो निववण्यातच जातो. दुपारी बारा ते चार ही वेळ सगळ्यात बरी.

आम्ही पुण्यात शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजार असलेले आणि त्यांना सांभाळणारे, या दोघांबरोबर हे काम करतो. आमच्यापुढे येणारा पहिला प्रश्न बहुधा वडिलांचा असतो: गोळ्यांनी जे झालं नाही ते नुसतं बोलून कसं होणार? याला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागतं, आणि ते फुगवून चालत नाही. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. त्यात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, आणि औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. एवढा मोठा फरक बोलण्याच्या कुठल्याही उपचारानं दाखवलेला नाही. म्हणून पाया औषधाचाच. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत, हिच्याविषयी २०१४ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त मोठा आढावा आला. एकूण लक्षणांवर परिणाम ०.३३, भास (कुणी नसताना आवाज येणं) आणि भ्रम (पुरावा दाखवूनही न हलणारी समजूत) यांवर ०.२५. या मोजपट्टीवर ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा धरतात. मोजणाऱ्याला कोणाला कुठला उपचार मिळाला हे माहीत नसेल, तर आकडा आणखी खाली येतो.

इथेच काहीजण हात झटकतात, आणि ते आम्हाला मान्य नाही. हा आकडा लक्षणं किती कमी झाली ते सांगतो. आवाज पूर्वीइतकेच येतात, पण त्यांच्या भीतीनं चार महिने घराबाहेर न पडलेला माणूस आता कोपऱ्यावरून दूध आणतो, हे त्यात फारसं उतरत नाही. आणि कुटुंबाबरोबरच्या सत्रांचा पुरावा तर याहून कितीतरी भक्कम आहे. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) साधारण सात कुटुंबांबरोबर असं काम केलं, तर एकाचा उलटणारा आजार टळतो. औषधांच्या जगातही हा आकडा चांगला मानतात. तरी पुण्यात सर्वांत कमी होतं ते हेच काम.

इंग्लंडमधल्या 'नाइस' या संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक सूत्रं आम्ही माप म्हणून वापरतो: औषधाच्या जोडीनं एकट्याबरोबर किमान १६ सत्रं, कुटुंबाबरोबर किमान १० सत्रं, ही दुसरी तीन महिने ते एक वर्ष या काळात पसरलेली. धीर देणं आणि ऐकून घेणं एवढ्यावर थांबणारं समुपदेशन स्किझोफ्रेनियासाठी सरसकट देऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. पुण्यात 'काउन्सेलिंग घेतलं, उपयोग झाला नाही' असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा नेमकं तेच घेतलेलं असतं. उपचार निवडताना दोन गोष्टी विचारा. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का, आणि सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, असलेल्यांबरोबर काम केलं आहे का. औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायची तयारी नसेल तर दुसरं कुणी शोधा. फी झेपत नसेल तर ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथल्या ओपीडीत विचारावं. तिथे केसपेपर काढून औषधोपचार सुरू करता येतो आणि मानसशास्त्रज्ञही भेटू शकतात. गर्दी मात्र धरूनच जायचं.

सुरुवात कधी करू नये, हेही ठरलेलं असावं. माणूस तीन-चार रात्री झोपलेला नाही, वाक्यं एकमेकांना जोडली जात नाहीत, किंवा आवाज कुणाला इजा करायचा हुकूम देतायत आणि तो पाळायच्या बेतात आहे, अशा वेळी आधी डॉक्टर. औषध लागू पडून झोप जरा स्थिरावली की मग आपण. आणि पाय सतत हलवत, उठबस करत, 'आत चैन पडत नाही' म्हणणारा माणूस दिसला तर ती चिंता समजून श्वासाचे व्यायाम शिकवत बसू नये. औषधांमुळे येणारी ती तळमळ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. डोस बदलून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ती बरीच कमी होते.

पहिल्या तीन-चार भेटींत आम्ही भ्रमाला हात लावत नाही. घरात कोण कोण, दिवस कसा जातो, चहा कधी, झोप किती, सगळ्यात जास्त त्रास कशाचा, एवढंच. इथे बरेचदा कळतं की घरच्यांची यादी आणि शुभार्थीची यादी वेगळी आहे. आईला मुलाचं स्वतःशी बोलणं थांबायला हवं असतं. मुलाला वजन कमी व्हायला आणि हातातला कंप जायला हवा असतो. काम त्याच्या यादीपासून सुरू केलं तरच तो पाचव्या भेटीला येतो. वाक्यं लहान ठेवायची, एका वेळी एकच प्रश्न, आणि शेवटची पाच मिनिटं आज काय बोललो ते त्याच्याच शब्दांत एका कार्डावर लिहायला ठेवायची. या आजारात स्मरणशक्तीवर परिणाम होतो. कार्ड नसेल तर आठवड्यानं पाटी कोरी असते आणि दोघांनाही वाटतं की पुढे काही सरकतच नाही. काहीजणांना कार्डापेक्षा स्वतःच्या आवाजातली व्हॉइस नोट बरी वाटते. मात्र संशय फोनभोवतीच फिरत असेल, तर कागदच.

एका क्षणी हमखास विचारलं जातं, 'तुमचा तरी विश्वास आहे का माझ्यावर?' याचं उत्तर आधी तयार हवं. 'हो' म्हटलं की आपण भ्रमात सामील. 'नाही' म्हटलं की आपणही त्यांच्यातलेच. आम्ही म्हणतो, 'तुम्हाला जे जाणवतं ते खरंच जाणवतंय, याबद्दल मला शंका नाही. ते कशामुळे, ते मला अजून माहीत नाही. आपण दोघं मिळून बघू.' यात खोटं काही नाही आणि पुढची दहा सत्रं याच तीन वाक्यांवर उभी राहतात.

आवाजांवरचं काम नोंदीपासून सुरू होतं. खिशात मावेल अशी छोटी वही आणि चार रकाने: किती वाजता, कुठे होतात, आवाज काय म्हणाला, त्रास शून्य ते दहात किती. चारपेक्षा जास्त रकाने आखले की वही दुसऱ्या दिवशीच बंद पडते. एका आठवड्यात कळतं की आवाज दिवसभर सारखे नसतात. बहुधा ते एकटं असताना, झोप मोडल्यावर, घरात वाद झाल्यावर वाढतात. 'चोवीस तास चालूच असतात' असं सांगणाऱ्याच्या हातात त्याच्याच अक्षरात पुरावा येतो की दुपारी जेवताना ते नव्हते. हा पुरावा आमच्या दहा समजावण्यांपेक्षा मोठा.

मग एकेक उपाय करून बघायचा. एक उपाय दोन-तीन दिवस, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा. गुणगुणणं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, एका कानात हेडफोन लावून कुणाचं तरी बोलणं ऐकणं. मोठ्यानं वाचण्याचा उपयोग होण्याचं एक कारण असं मानतात की आवाज म्हणजे आपलंच आतलं बोलणं मेंदूला परकं वाटतं. ओठ, जीभ आणि घसा दुसऱ्या कामाला लावले की त्या आतल्या बोलण्याला जागा कमी उरते. पुण्यातल्या घरांत मनाचे श्लोक किंवा रामरक्षा पाठ असते, ती मनात न म्हणता मोठ्यानं म्हणायला सांगतो. अपवाद एकच: आवाज स्वतःला देव म्हणवत असेल तर स्तोत्र टाळायचं, ते आवाजालाच बळ देतं. चुकतं कुठे, तर दिवसभर दोन्ही कानांत मोठ्यानं गाणी लावून बसण्यात. आवाज दबतात खरे, पण माणूस घरातल्या घरात नाहीसा होतो.

यापुढचा टप्पा आवाजाच्या ताकदीचा. त्रास आवाजाच्या मोठेपणावर तितका अवलंबून नसतो, जितका 'हा माझं काहीही करू शकतो' या समजावर असतो. पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे मांडलं आणि हुकूम देणाऱ्या आवाजांवरची पद्धत त्यातूनच उभी राहिली. 'आत्ता भांडी परत घासली नाहीस तर आई मरेल' असं आवाज सांगतो. अशा वेळी हुकूम मोडायला सांगायचं नाही. पाच मिनिटं उशीर करायचा, मग पंधरा, मग अर्धा तास, आणि दर वेळी आई ठीक आहे याची नोंद. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, अपायकारक हुकूम पाळणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४६ टक्के राहिलं, तर या पद्धतीत २८. आवाज कमी झाले नव्हते; त्यांचं ऐकणं कमी झालं होतं. जे आवाज गॅस किंवा सुरी यांविषयी बोलतात, त्यांच्यावर मात्र असले प्रयोग करायचे नाहीत. तिथे घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सामील करायचं.

भ्रमांवरचं काम सावकाश होतं. सीबीटीचे जनक आरोन बेक यांनी १९५२ मध्येच एका भ्रमग्रस्त रुग्णाबरोबरच्या अशा कामाचा वृत्तांत छापला होता, पण ही पद्धत खऱ्या अर्थानं रुळली ती १९९० नंतर, मुख्यतः ब्रिटनमध्ये. मूळ कल्पना साधी: घटना, तिचा लावलेला अर्थ आणि त्यातून आलेली भावना वेगवेगळ्या करायच्या. समजा, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे मेसेज आपल्याचबद्दल खुणेनं लिहिलेले आहेत असं एखाद्याला वाटतंय. आधी तीन आकडे घ्यायचे: याची खात्री किती टक्के, दिवसातला किती वेळ हाच विचार, त्रास किती. मग एकच मेसेज समोर ठेवायचा. पाण्याच्या टँकरबद्दलचा. तो कुणी, कशासाठी लिहिला असू शकेल, याची जितकी कारणं सुचतील तितकी त्यानं लिहायची, त्याचं स्वतःचं कारण शेवटी. मग शंभर टक्के सगळ्या कारणांत वाटायचे. आपलं कारण शेवटी आलं की त्याच्या वाट्याला ९५ ऐवजी ६० उरतात, कारण टाकी खरंच रिकामी होती हे त्यालाही माहीत असतं. सगळ्यात पक्क्या भ्रमापासून सुरुवात करायची नाही. कडेचा, अलीकडचा, जरा डळमळीत असलेला निवडायचा.

पडताळा घ्यायचा असेल तर तो घेण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं: असं झालं तर अर्थ अमुक, तसं झालं तर तमुक. हे न लिहिता केलेला प्रयोग वाया जातो, कारण मागाहून 'त्यांना आपला बेत कळला म्हणून ते गप्प बसले' हे स्पष्टीकरण तयारच असतं. खात्री शून्यावर आणायचा हट्ट धरू नये. ९५ वरून ७० वर आली आणि माणूस जिन्यात शेजाऱ्यांसमोर थांबू लागला, तर ते यश. वाद घालणं हा मात्र सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग. वाद घातला की माणूस बचावासाठी नवे पुरावे शोधतो, आणि भ्रम आधीपेक्षा भक्कम होतो.

करणी, भानामती, 'बाहेरचं' यांबद्दल वेगळं बोलायला हवं. घरातल्या सगळ्यांचाच तसा समज असेल, तर तो एकट्याचा भ्रम म्हणून त्यावर तुटून पडण्यात अर्थ नाही. घरात आणखी कुणाला असं वाटतं, किती वाटतं, हे आधी विचारायचं. श्रद्धेशी भांडण काढलं की कुटुंब उपचारातून उठून जातं. नवस करा, अंगारा लावा, गोळी मात्र रात्री नऊला, इतपत तडजोड आम्हाला चालते. मारहाण, बांधून ठेवणं, साखळदंड मात्र चालत नाही, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली असलं काही करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे आम्ही पहिल्याच कौटुंबिक भेटीत सांगतो.

आता घराकडे येऊ, कारण आमच्या मते निम्म्याहून अधिक उपचार तिथे होतो. लंडनमध्ये १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या लोकांचा नऊ महिने माग ठेवला. ज्या घरांत टोकणं, राग किंवा अतिकाळजी जास्त, तिथे साधारण निम्म्यांचा आजार उलटला. जिथे कमी, तिथे त्याहून बऱ्याच कमी लोकांचा. आठवड्याला ३५ तासांहून अधिक वेळ समोरासमोर जात असेल तर धोका वाढतो, असंही त्यात दिसलं. वन बीएचकेमध्ये निवृत्त वडील आणि काम सुटलेला मुलगा दिवसभर एकाच हॉलमध्ये बसतात, तिथे ३५ तास तीन दिवसांत भरतात. पुढे चंडीगडमध्ये असंच मोजलं, तेव्हा असं वातावरण असलेली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. आपल्या एकत्र राहण्यात काही बळ आहे, ते टिकवायचं आहे. आजार आईवडिलांमुळे होतो असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि हे आम्ही पहिल्या दहा मिनिटांत स्वच्छ सांगतो. नाहीतर आई पुढचं काहीच ऐकत नाही.

दहा सत्रांतली पहिली दोन आजाराच्या माहितीत जातात. घरच्यांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो हे ऐकून, की अंथरुणातून न उठणं, न बोलणं, आंघोळ टाळणं हेही आजाराचंच लक्षण आहे. आवाज येणं त्यांना आजार वाटतो. लोळणं आळस वाटतो. पुढची चार सत्रं बोलण्याच्या सरावाची, आणि त्यांत आम्ही प्रत्यक्ष वाक्यं बोलायला लावतो. 'किती वेळ लोळणार आहेस?' याऐवजी 'आठ वाजता चहा टाकते, गॅलरीत बसून पिऊ.' 'तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं!' याऐवजी 'काल तू न सांगता बाहेर गेलास, मला काळजी वाटली. पुढच्या वेळी फोन कर.' मागणी एक, ठरावीक, आजच करता येण्याजोगी. आणि चांगलं काही घडलं की त्याच दिवशी, नेमकं काय आवडलं ते सांगायचं. 'बरं केलंस' यानं कळत नाही. 'ताट उचलून ठेवलंस, बरं वाटलं' यानं कळतं. वडिलांना हे कृत्रिम वाटतं. पहिले तीन आठवडे ते खरोखर कृत्रिमच असतं, आणि तसं करत राहावं लागतं.

अतिकाळजीकडे कुणी दोष म्हणून बघत नाही, म्हणून ती सुटून जाते. तिशीतल्या मुलाला भरवणारी, त्याच्यासाठी नोकरी सोडलेली, रात्री त्याच्या खोलीच्या दारात झोपणारी आई थकून मोडते, आणि मुलाच्या हातून होण्याजोगं कामही हिरावलं जातं. तिच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी घराबाहेरच्या ठरवणं हा आमच्या दृष्टीनं उपचाराचाच भाग. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था याच कामाला वाहिलेली आहे, तिचे स्वमदत गट शुभंकरांना मोठा आधार देतात. दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकलेलं आमच्या तोंडून ऐकलेल्यापेक्षा लवकर पटतं.

लपवून गोळ्या देण्याबद्दल थोडं कठोर बोलतो. डाळीत किंवा दुधात गोळी विरघळवणं पुष्कळ घरांत चालतं, आणि त्यामागची हतबलता आम्हाला कळते. पण ज्याला आधीच अन्नात कुणीतरी काहीतरी मिसळतंय असं वाटतंय, त्याला एक दिवस खरोखरच ते सापडतं. मग त्याचा संशय बरोबर ठरलेला असतो. तो जेवण सोडतो, आईवर विश्वास सोडतो, आणि आमच्याकडे यायचंही सोडतो. नको असेल तर का नको, हे बसून विचारावं. वजन, गुंगी, लैंगिक अडचण, लाज ही कारणं घरच्यांना तो सांगत नाही, सत्रात सांगतो. डॉक्टर औषध बदलू शकतात. महिन्यातून एकदा किंवा काही औषधांत तीन महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. दोन वेगवेगळ्या औषधांचा पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ उपयोग झाला नाही तर क्लोझापिन या औषधाचा विचार करायचा असतो. त्याला पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी लागते. हे पर्याय माहीत नसल्यानं लपवालपवी चालते. 'लग्न केलं की सुधारेल' हा सल्लाही याच हतबलतेतून येतो. आजार लपवून केलेलं लग्न म्हणजे मोठा ताण आणि औषध सुटण्याचं हमखास निमित्त.

न उठणं, न बोलणं यावर एकट्याबरोबरचं काम बारीक पायऱ्यांचं असतं. आधी बघायचं की हे नैराश्य तर नाही, गोळीची गुंगी तर नाही. मग एक काम, उदाहरणार्थ कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं. करण्याआधी 'किती जमेल, किती बरं वाटेल' याचा आकडा, करून आल्यावर पुन्हा. आधीचा आकडा जवळपास नेहमी नंतरच्यापेक्षा कमी असतो. 'मला जमणारच नाही' या समजाला ही वजाबाकी हळूहळू झिजवते. सदाशिव पेठेत स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठी राहिलेल्या मुलांमध्ये हे फार दिसतं, कारण आजार सुरू व्हायचं आणि परीक्षांचं वय एकच. त्यांना आम्ही बारा तासांच्या अभ्यासावर परतायला सांगत नाही. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या खुर्चीत.

मानसशास्त्रज्ञाशिवाय काही होणारच नाही, असं कुणी समजू नये. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत २८२ लोकांबरोबर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन माहिती, औषधांची आठवण, रोजच्या कामांची उभारणी आणि कुटुंबाशी बोलणं हे सगळं करत होते. वर्षभरानं नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा फायदा थोडा जास्त दिसला, आणि तो ठिकाणागणिक वेगळा होता. सातारा पुण्यापासून दोन-अडीच तासांवर आहे; जिल्ह्याच्या गावांत असं काम उभं करता येईल असं आम्हाला मनापासून वाटतं.

एक धोका नीट बघावा लागतो. भ्रम सैल झाला की माणसाला गेलेली वर्षं दिसायला लागतात: सुटलेलं कॉलेज, मोडलेली मैत्री. सुधारणा होत असतानाच तो खचतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोकांचा मृत्यू आत्महत्येनं होतो, आणि पहिली काही वर्षं जास्त जोखमीची. म्हणून आम्ही दर भेटीत सरळ विचारतो, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावायला सांगतो. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

शेवटची तीन-चार सत्रं एका कागदासाठी ठेवतो. आजार उलटण्याआधी प्रत्येकाची काही ठरावीक चिन्हं दिसतात, आणि मागच्या दोन-तीन वेळा काय काय घडलं ते आठवून ती क्रमानं लिहायची. कुणाची आधी झोप जाते, कुणी खिडक्यांचे पडदे ओढून घेतो, कुणी फोनची सिमकार्डं बदलू लागतो. घरच्यांना दिसणारं आणि शुभार्थीला आतून जाणवणारं, दोन्ही लिहायचं. समोर काय करायचं ते: एक चिन्ह दोन दिवस दिसलं तर झोप आणि गोळी तपासायची, दोन दिसली तर डॉक्टरांना फोन, तिसऱ्याची वाट बघायची नाही. पुण्यात यात एक ओळ गणेशोत्सवाची असतेच. जवळ मंडळ असेल तर दहा दिवस झोप मोडते, ढोल आणि स्पीकरच्या गोंगाटात आवाज वाढतात, पाहुण्यांच्या गडबडीत गोळी राहते. त्या दिवसांत लांबच्या नातेवाइकांकडे राहणं, निदान विसर्जनाच्या रात्री, हे जुलैतच ठरवायचं. गोळ्यांची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांचा साठा बरोबर. पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीनं कुणी निर्णय घ्यावा, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला आहे. ते याच बैठकीत बोलून घेतो, कारण नंतर ते बोलण्याच्या स्थितीत कुणी नसतं. कागदाच्या तीन प्रती: एक त्याच्या पाकिटात, एक घरी, एक डॉक्टरांच्या केसपेपरला टाचून. त्यानंतर भेटी एक महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, आणि दर वेळी हा कागद काढून त्यावरचे फोन नंबर अजून तेच आहेत का, ते तपासायचं.